कुणीही चालेल

अंगातला कोट काढायच्याही आधी नोबुएनं संगणक चालू केला आणि उभ्याउभ्याच यादी उघडली. ती ओळ जिथल्या तिथं होती. राखाडी. "कुवागाकी गियू, उजवा पाय, मांडीपासून. काम : पहिली जुळणी." पुढचा रकाना कोरा.

तिनं कोट काढला, खुंटीला लावला, घरातून आणलेल्या सपाता घातल्या आणि पुन्हा येऊन पाहिलं. जणू तेवढ्यात कुणी तरी त्या रकान्यात आपलं नाव घालून गेलं असेल. कुठलं काय!

नागाओ कारखान्यात कृत्रिम हातपाय बनतात. हिगाशी-ओसाकाच्या त्या गल्लीत डावीकडे स्क्रू बनवणारा, उजवीकडे स्प्रिंगा बनवणारा आणि मधे हे पाय बनवणारे. नोबुए तिथं दारातल्या टेबलाशी बसून गेली कित्येक वर्षं मागण्या लिहून घ्यायची. पूर्वी तिची चिठ्ठी एका ट्रेमध्ये पडायची, आणि तो ट्रे सर्वात जुने कारागीर तामाओकीसान यांच्या पुढ्यात जायचा. ते चष्मा कपाळावर सरकवून चिठ्ठ्या वाटायचे. हा गुडघा तुझा, हा पंजा माझा. कुणाची बिशाद नव्हती नाही म्हणायची, आणि खरं तर कुणाला नाही म्हणावंसं वाटतही नसे.

वसंतात मालकांनी तो ट्रे काढून टाकला आणि संगणकावर कामं वाटायची नवी पद्धत आणली. ती शिकवायला तोक्योहून एक तरुण आला होता, फार स्वच्छ कपड्यांतला. तो म्हणाला, "काम आधी गटाकडे जातं. गटातल्या प्रत्येकाला ते दिसतं, पण ते कुणाचंच नसतं. ज्याला सवड असेल त्यानं 'हाती घ्या' दाबायचं, की ते त्याचं झालं. इतकं सोपं आहे." मग त्यानं विचारलं, "काही शंका?" सगळ्यांनी माना हलवल्या, म्हणजे शंका नाही. ओसाकात इतकं हसतमुखानं काही सांगितलं की शंका विचारणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. नोबुएला एक शंका होती. पण बाकी कुणी विचारलं नाही म्हणून तिनंही विचारलं नाही.

आणि पद्धत चाललीही बरी. इस्पितळातून अनोळखी माणसाची मागणी आली, की ज्याला सवड असेल तो घ्यायचा. कुठं काही अडलं नाही. अडलं ते एकच काम, आणि ते नेमकं तिच्या घरातलं.

गियू म्हणजे नोबुएचे सासरे. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा देवळाचे पुजारी. बाकीचे विधी हल्ली नवराच, शूएई, रेल्वेतली नोकरी सांभाळून करायचा. पण शरद सरता सरता होओन्कोचा, म्हणजे पंथाच्या संस्थापकांच्या स्मरणाचा, उत्सव आला की आसन सासऱ्यांचंच. ते प्रवचन गाऊन सांगत. साधं बोलता बोलता आवाज कधी सुरात चढायचा ते ऐकणाऱ्याला कळायचं नाही. कळायचं तेव्हा मागच्या रांगेतल्या आज्यांचे हातरुमाल डोळ्यांना लागलेले असत. पुढच्याच क्षणाला ते एखादी अशी कोटी करत की त्याच आज्या रुमालात तोंड खुपसून हसायच्या. पोथीतलं कोरडं वाक्य त्यांच्या गळ्यातून आलं की भिजून यायचं, असं गावातले लोक म्हणत.

गेल्या वर्षी साखरेच्या दुखण्यानं त्यांचा पाय गेला, आणि उत्सवात आसन रिकामं राहिलं. लोक आले, रिकाम्या आसनाकडे बघत बसले आणि चहा पिऊन गेले.

"चाकाच्या खुर्चीतून सांगा की," शूएई एकदा म्हणाला होता.

"खुर्चीत पोट दुमडतं, श्वास कुठं ठेवू? तुझ्या खिशात?" म्हातारा म्हणाला. "आणि खालून बोललो तर आवाज मागच्या म्हातारीपर्यंत पोचत नाही. ती मेली तिथंच बसते दरवर्षी, खांबाला टेकून. तिच्यासाठी तर सांगायचं."

म्हणून यंदा असा पाय हवा होता जो मांडीच्या खाली फिरतो. तिथं एक चकती असते. खटका दाबला की खालचा पाय वळतो, आणि माणसाला मांडी घालून बसता येतं. वरून झगा आला की कुणाला काही दिसत नाही. साचा घेऊन झाला होता, उरलेली मांडी बसवायची वाटी तयार होती, चकतीही आली होती. आता माणसाला बोलावून तो पाय अंगावर जुळवून पाहायचा. जुळणी एकदाच होत नाही, घासायचं, पुन्हा घालायचं, पुन्हा घासायचं. दिवस लागतात. आणि ते काम राखाडी होऊन पडलं होतं.

मग तिनं जाऊन सरळ सांगायचं की, असं तुम्ही म्हणाल. तेच तर तिला जमत नव्हतं. कारखान्यात काम करणाऱ्या बाईनं स्वतःच्या सासऱ्यांचं काम रांगेत पुढं घुसवायचं? बाकीची माणसं पाय नसताना वाट बघतायत आणि हिच्या घरच्यांना आधी? कुणी बोलणार नाही. पण तिला स्वतःलाच ते बोलणं ऐकू आलं असतं, रोज. मागणी लिहितानाही तिनं तीच काळजी घेतली होती. "पसंतीचा कारागीर" असा एक रकाना असतो. त्यात तिनं मोठ्या नम्रपणानं लिहिलं होतं : कुणीही चालेल.

घरी पोचली की सासरे दारातच खुर्ची घेऊन बसलेले.

"काय गं, निघाला का माझा पाय?"

"निघेल, ओतोसान." सासऱ्यांना ती ओतोसान, म्हणजे बाबा, म्हणायची.

"चालत येतोय की गाडीनं?"

शूएई खो खो हसला. नोबुएनं भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि कांद्याची पात उगाचच फार बारीक चिरली.

त्यात हिओकीसान आले. देवळाच्या मंडळींचे प्रमुख, उत्सवाची सगळी व्यवस्था बघणारे. पर्सिमन फळांची पिशवी हातात, बूट न काढता उंबऱ्यावरच टेकले. "यंदा थंडी लवकर पडली, नाही?" म्हणाले. "गुरुजींनी जपायला हवं. शिगा प्रांतात एक तरुण प्रवचनकार आहे म्हणे, गातोही बरा. अर्थात आपल्या गुरुजींसारखा कोण असणार! नुसतं कानावर घातलं." मग उठता उठता म्हणाले, "पत्रकं शनिवारी छापायला जातील. तसं बघायला गेलं तर काही घाई नाही हं."

त्यांच्या तोंडी "घाई नाही" याचा अर्थ नोबुएला चांगला ठाऊक होता. शनिवारपर्यंत सांगा, नाही तर शिगाचा माणूस. आणि एकदा आसनावर नवा माणूस बसला की जुन्याला परत बसवायला कोण सांगणार? सगळे म्हणणार, आता विश्रांती घ्या, गुरुजी. प्रेमानंच म्हणणार. त्या प्रेमाचीच तिला धास्ती होती.

आतून सासऱ्यांचा आवाज आला. ते सूर धरून बघत होते. तो सूर वर जायचा आणि मधेच खोकल्यात मोडायचा.

सोमवारी नोबुएनं चेस्टनटच्या मिठाईचा डबा नेला आणि आतल्या कामाच्या खोलीत ठेवला.

"अरे वा!" निशिदेसान म्हणाला. हा मधल्या वयाचा, तोंडाचा फटकळ, हाताचा चांगला. "काय विशेष, कुवागाकीसान? सासरेबुवांचा पाय लागला वाटतं नाचायला!"

"नाही, अजून... ते काय, होईल सवडीनं. काही घाई नाही."

बोलून गेली आणि जीभ चावली. हे तर हिओकीसानांचं वाक्य! पण निशिदेनं ते जसंच्या तसं घेतलं, की नाही घेतलं, ते तिला कळेना. त्यानं नुसतं "हं हं" केलं, एक मिठाई तोंडात टाकली आणि तामाओकीसानांकडे एक नजर टाकून कामाला लागला.

मग ती तामाओकीसानांकडे गेली. ते एका पंजाची टाच कानसत होते. "यंदा थंडी फार," ती म्हणाली. "उत्सवात आसनावर बसणं म्हणजे..."

"खरं आहे," तामाओकीसान मान न उचलता म्हणाले. हा माणूस दरवर्षी गाडी बदलून बदलून गियूंचं प्रवचन ऐकायला जाई, मागं उभा राही आणि न भेटता परत येई. "गुरुजींनी अंगाला जपावं. आपण कोण त्यांची घाई करणारे?"

राहिली होसोमीसान. साचा हिनंच घेतला होता. गंभीर चेहऱ्याची, केस घट्ट बांधणारी मुलगी, हात मात्र फार हलका. सासरे त्या दिवशी घरी येऊन म्हणाले होते, पोरीनं पायाला हात लावला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा पाय माझाच आहे, भले उरला थोडा का असेना. नोबुएनं तिला जिन्यात गाठलं.

"होसोमीसान, त्या दिवशी साचा किती छान घेतलात. सासरे आठवण काढतात."

होसोमी एकदम अवघडली. "ते... तामाओकीसान इस्पितळात गेले होते म्हणून. नाही तर मी कशाला मधे पडले असते!" आणि कमरेत वाकून पळाली.

तीन माणसं, तिन्ही भली. आणि काम राखाडी.

मंगळवारी दुपारी तिला राहवेना. जेवणाचा डबा तसाच पुढ्यात, आणि ती यादी वर-खाली करत बसलेली. मागण्या लिहिणारी म्हणून तिचं नाव प्रत्येक गटात होतं, म्हणजे तिला सगळं दिसावं. त्या राखाडी ओळीवर तिनं बाण नेला तशी शेजारी दोन शब्द उजळले : हाती घ्या. तोक्योचा तरुण म्हणाला होता, हाती घेतलं नाही तर काम हलत नाही. हलत नाही! मग हलवायला कुणी तरी दाबायलाच हवं ना? जिन्याचा दिवा लावायला कुणीही खटका दाबतो, तो काय त्याच्या एकट्यासाठी लागतो? तिनं खोलीत डोकावून पाहिलं, कुणी बघत नव्हतं, आणि दाबलं.

ओळ हिरवी झाली. कोऱ्या रकान्यात अक्षरं उमटली : कुवागाकी.

अगदी बरोबर, तिला वाटलं. कुवागाकींचा पाय, कुवागाकींचं काम, सुरू झालं. तिनं डबा उघडला. गार भातालाही त्या दिवशी चव होती.

बुधवारी ओळ हिरवी होती. गुरुवारीही. पण दूरध्वनी काही वाजला नाही, "सासऱ्यांना कधी आणताय?" असं कुणी विचारलं नाही. तिचं हिरवेपण उतरत चाललं. ती कारण काढून आतल्या खोलीत जाऊ लागली. कधी बिलं, कधी गोंदाची मागणी, कधी "खिडकी उघडी राहिली का हो?" निशिदे शेवटी म्हणाला, "कुवागाकीसान, आज सपाता झिजवायची पैज लागलीय का?"

शुक्रवारी सकाळी हिओकीसानांचा दूरध्वनी आला. हवेबद्दल बरंच बोलले. मग म्हणाले, शिगाच्या माणसानं आपली तारीख राखून ठेवलीय, पण उद्या दुपारपर्यंतच. नोबुएनं फोन ठेवला आणि सरळ मांडणीकडे गेली. वरच्या कप्प्यात पांढऱ्या फडक्याखाली तिच्या सासऱ्यांचा पाय होता. फडकं उचललं. वाटी वेगळी, चकती वेगळी, नळी वेगळी. कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता.

ती फडकं हातात धरूनच वळली.

"निशिदेसान," ती म्हणाली, आणि आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "हे काम... कुणाकडे आहे?"

"कुठलं? गुरुजींचं? तामाओकीसाननी घेतलं ना. मंगळवारीच माझ्या यादीतून गेलं. म्हटलं चला, सुटलो. म्हणजे सुटलो असं नाही, म्हणजे योग्य हाती पडलं."

तामाओकीसानांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मी? मी कुठं? माझ्याही यादीतून गेलं. म्हटलं, होसोमीनं घेतलं, बरं झालं."

होसोमी पांढरी पडली. "मी नाही. मला वाटलं तामाओकीसान..."

चहाची वेळ झाली होती म्हणून सगळे टेबलाशी जमले, पण कुणाला चहा सुचेना. मधल्या बशीत तांदळाच्या कुरकुरीत पापड्यांपैकी एकच उरली होती. सवयीनं निशिदेचा हात तिकडे गेला, आणि सवयीनंच मागं आला.

"घ्या तुम्ही," तो तामाओकीसानांना म्हणाला.

"छे, होसोमीला दे."

"नाही नाही, कुवागाकीसान घेतील."

"राहू दे मग," निशिदे म्हणाला. "झाला संकोचाचा गोळा. आमची आजी तर असा गोळा दुसऱ्या दिवशी कोंबडीला घालायची."

संकोचाचा गोळा! ओसाकाकडे बशीत उरलेल्या शेवटच्या घासाला असंच म्हणतात. सगळ्यांना हवा, सगळे दुसऱ्यासाठी सोडतात, आणि तो बिचारा सुकत जातो. नोबुएनं तो शब्द जन्मभर ऐकला होता, शेकडो वेळा हसली होती. आज तिला हसू आलं नाही. ती उठली, संगणकापाशी गेली आणि ती हिरवी ओळ उघडून नीट वाचली. "कुणाच्या हाती : कुवागाकी नोबुए." पूर्ण नाव लहान अक्षरांत खाली होतं. सासरे नव्हे. ती.

"माझ्याकडे आहे," ती तिथूनच म्हणाली. "मंगळवारपासून माझ्याकडे आहे. मी दाबलं. मला वाटलं, दाबलं की काम सुरू होतं. ते माझं झालं, आणि तुमच्या सगळ्यांच्या पुढून गेलं. मीच ते घेऊन बसलेय, आणि मला स्क्रूसुद्धा धड पिळता येत नाही!"

एकदम तिघंही वाकले.

"चूक माझी," होसोमी म्हणाली, "मी आधीच घ्यायला हवं होतं."

"तुझी कसली? सर्वात मोठा मी. पण मला वाटलं, म्हाताऱ्याचा हात थरथरतो हल्ली, कुवागाकीसानना होसोमीच हवी असेल, तोंडानं म्हणवत नसेल."

"मी कशी घेणार? तुम्ही दरवर्षी त्यांना ऐकायला जाता. तुमचा हक्क मी कसा..."

"आणि मी म्हटलं, ज्यांचं काम त्या स्वतःच सांगतील," निशिदे म्हणाला. "सांगितलं असतं तर त्याच दिवशी बसलो असतो हो!"

"मग आता घ्या ना!" नोबुए जवळजवळ ओरडली.

"हो, हो. तामाओकीसान, तुम्हीच."

"नाही, होसोमी, तूच."

"पण तुम्ही असताना मी..."

आणि बघा, पुन्हा सुरू! बशी फिरू लागली, आणि शनिवार तिकडे दारात येऊन उभा. नोबुएला हसावं की रडावं कळेना. तिनं घरी फोन लावला.

"ओतोसान, पाय कुणाच्या हातून हवा तुम्हाला? मी मागणीत कुणीही चालेल असं लिहिलं होतं."

"कुणीही?" पलीकडून म्हातारा म्हणाला. "अगं वेडे, कुणीही कसा चालेल? चालणार मी आहे. हे बघ, आसनावरून मी म्हटलं ना, की बुद्धानं सगळ्यांसाठी तारणाचा संकल्प केला, की मागची म्हातारी पेंगायला लागते. सगळ्यांसाठी म्हणजे आपल्यासाठी नव्हे, असं तिला वाटतं. मग मी म्हणतो, खांबाला टेकलेल्या आजी, तुमच्यासाठी केला. टक्क डोळे उघडते. तेव्हा तू कुणाचं तरी नाव घे बाई. नाव घेतल्याशिवाय माणूस ओ कसा देईल?"

तिनं फोन ठेवला. ओळीच्या शेवटी आणखी एक शब्द होता, तिनं आजवर न वापरलेला : सोपवा. तो दाबल्यावर एक चौकट उघडली आणि नाव मागू लागली. तोक्योच्या तरुणाला विचारायची राहिलेली तिची शंका हीच होती. नाव मीच घालायचं का, सगळ्यांच्या देखत?

तामाओकीसान तिच्याकडे बघत नव्हते. ते बोटांनी टेबलावरची धूळ गोळा करत होते. या माणसानं तिला पहिल्या दिवशी चिठ्ठी कशी लिहायची ते शिकवलं होतं. गियूंच्या प्रवचनाला मागं उभा राहणारा हा माणूस. त्याच्याच देखत दुसऱ्याचं नाव घालायचं म्हणजे... पण तिला आठवला तो साचा घेतल्याचा दिवस, आणि घरी येऊन मांडीवर हात ठेवून बसलेले सासरे.

"होसोमीसान," ती मोठ्यानं म्हणाली, "माझ्या सासऱ्यांचा पाय मी तुमच्यावर सोपवते. तुम्ही करायचा. आज."

आणि दाबलं. होसोमीच्या टेबलावरचा संगणक टिंग वाजला.

होसोमीनं एकदाच तामाओकीसानांकडे पाहिलं. मग "हो" म्हणाली, त्या "हो"मध्ये पुढंमागं काही नव्हतं, आणि मांडणीवरून पाय काढायला गेली. तामाओकीसान उठले. "बरं केलंत," एवढंच म्हणाले, आणि त्यांनी पंजाची टाच पुन्हा हातात घेतली. कानस मात्र बराच वेळ चालली नाही. नोबुएनं ते ऐकलं, म्हणजे न चाललेली कानस ऐकली, आणि दिवसभर तिच्या मनाला ते लागून राहिलं.

संध्याकाळी शूएईनं वडिलांना गाडीतून आणलं. जुळणी सुरू झाली. दोन दांड्यांच्या मधे उभं राहणं झालं, दोन पावलं झाली, तिसऱ्याला म्हातारा "अगं आई गं" म्हणाला. वाटी काढली, घासली. कारखाना बंद व्हायची वेळ झाली तेव्हा ते नुसते उभे राहत होते. बसणं उद्यावर गेलं.

शनिवारी सकाळी पुन्हा. निशिदेनं कुठून तरी लाकडी चौथरा आणला होता, वर चटई आणि गादी. "देवळातलं आसन यापेक्षा मऊ असेल तर मला पुजारी करा," तो म्हणाला. होसोमीनं खटका दाबला, पाय आतल्या बाजूला वळला आणि गियू मांडी घालून बसले.

"बसलो," ते म्हणाले. आणि मग, "इथं टोचतंय. आत. श्वास खाली सोडला की."

होसोमीनं पाहिलं, खूण केली, वाटी काढली, कड घासली. पुन्हा बसले. पुन्हा टोचलं. घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत नोबुए दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत जात होती. दारात तामाओकीसान उभे होते, दोन्ही हात खिशात, काही काम नसल्यासारखे. त्यांचे ओठ हलले आणि मिटले.

"तामाओकी," चौथऱ्यावरून आवाज आला. "दरवर्षी मागं उभा राहतोस ते बघतो मी. देवळात ठीक आहे. इथंही दारातच? ये की आत, तिकीट नाही लागत."

तामाओकीसानांचा चेहरा लाल झाला. ते आत आले.

"नुसते बघू नका," होसोमी गुडघ्यांवर बसून वाटी धरत म्हणाली. "श्वास सोडताना कड कुठं सरकते, मला नीट दिसत नाहीये. हात लावा." त्यांनी हात लावला. तो थरथरत होता, पण जागा चुकला नाही. दोघांची डोकी त्या वाटीवर वाकली, आणि पाय कुणाच्या हाती हे त्या वेळी संगणकालाच काय ते माहीत.

पुन्हा बसले. या वेळी गियू काही बोलले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, पोट आत-बाहेर करून पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं, आजारी पोराच्या उशाशी बसलेल्या एका आईची गोष्ट सांगायला लागले. पोर म्हणतं, आई, पाणी. आई म्हणते, आणते. बोलता बोलता आवाज कुठं तरी उचलला गेला. शेजारच्या खोलीत निशिदेचं घासायचं यंत्र चालू होतं, ते बंद झालं. सूर वर गेला आणि या वेळी मोडला नाही. तो वरच थांबला, घरावर घार थांबावी तसा, आणि मग हळूच खाली उतरला.

"दुखतंय का?" होसोमीनं विचारलं. उत्तर आलं नाही. ते तिथं नव्हतेच, ते त्या आईपाशी होते.

नोबुएची नजर मात्र अजून त्या वळलेल्या पायावर. आता टोचेल, आता थांबतील, असं मनात चाललेलं. दुपार जवळ आली होती. तिनं हिओकीसानांचा क्रमांक लावला. त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"हां, कुवागाकीसान. म्हणजे मी काही घाई करत नाही हं, पण छापखान्याचा माणूस इथं..."

काय सांगावं? बसतायत म्हणावं, तर किती वेळ बसतील कोण जाणे. तिनं फोन कानापासून काढला आणि हात लांब करून चौथऱ्याकडे धरला.

पोरानं डोळे उघडले होते. आई त्याला नावानं हाक मारत होती. चौथऱ्यावरचा म्हातारा ते नाव तीनदा गायला, तिन्ही वेळा निराळं. तामाओकीसान भिंतीकडे तोंड करून उभे होते.

हात अवघडला तेव्हा नोबुएनं फोन परत कानाशी नेला. पलीकडं कुणी बोलत नव्हतं. बारीक आवाजात नामस्मरण मात्र चाललं होतं, म्हाताऱ्या माणसाचं, एकामागून एक. मग हिओकीसान नाक ओढत कुणाला तरी म्हणाले, "गुरुजींचंच नाव टाका. मोठ्या अक्षरात." आणि मग तिला, अगदी हळू, "कुवागाकीसान, फोन ठेवू नका हं. पुढं काय होतं ते ऐकू द्या."